मास्तरांचं स्वतःचं माप

माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्या क्षणी संस्कृतीचा जन्म झाला, असं जाणकार सांगतात. कटिंग मास्तर अपघातानंतर पहिल्यांदा दोन पायांवर उभे राहिले तेव्हा त्यांना एक थेरपिस्ट, एक मदतनीस, चौदा पट्टे आणि छतातून खाली आलेला एक हुक, एवढ्यांनी मिळून धरून ठेवलं होतं. त्या क्षणी जन्म झाला तो फक्त एका गैरसमजाचा. त्यापायी हॉस्पिटलचे पुढचे सहा आठवडे खर्ची पडले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. एका जुन्या शिंप्याच्या दुकानात एकतीस वर्षं कात्री चालवून त्यांनी ही पदवी मिळवली होती. गिऱ्हाईक दारातून आत येताना नुसतं बघून ते कमरेचा आकडा सांगत आणि मग शिष्टाचार म्हणून टेप लावत. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कापड वाया गेलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. पण कुणी विचारीपर्यंत समोरून हलतही नसत.

अपघातसुद्धा धड सांगण्याजोगा नव्हता. सर्वांत वरच्या फळीवरचा, अस्तराच्या कापडाचा एक ताका काढायला ते स्टुलावर चढले आणि ताक्यासकट खाली आले. उंची साडेतीन फूट. कापडाचा रंग असा, की गेली नऊ वर्षं कुणी मागितला नव्हता, आणि त्या दिवशीही कुणी मागितला नव्हता. मास्तरांना फक्त तो अजून आहे का, ते बघायचं होतं. पाठीच्या खालच्या भागातला एक मणका मोडला, आतली मज्जारज्जू चेमटली आणि कमरेखालचा कारभार जवळजवळ बंद पडला. जवळजवळ म्हणायचं कारण, डॉक्टरांनी ‘अंगठा हलवा’ म्हटल्यावर उजवा अंगठा थोडा विचार करून हलायचा. त्या अंगठ्याच्या जोरावर मास्तरांना चालण्याच्या यंत्रावर वीस सत्रं मंजूर झाली.

यंत्र दुसऱ्या मजल्यावर एका वेगळ्या खोलीत होतं. जमिनीवर फिरता पट्टा, वरून झोळीसारखा कंबरपट्टा लटकलेला, आणि दोन्ही बाजूंना दोन धातूचे पाय. माणसाला कंबरपट्ट्यात अडकवून वर उचलायचं, त्याचे पाय मांडीला, गुडघ्याखाली आणि घोट्याला त्या धातूच्या पायांशी बांधायचे, पट्टा सुरू करायचा. मग यंत्राचे पाय चालतात आणि त्यांच्याबरोबर माणसाचे. किती जोर यंत्राचा आणि किती माणसाचा, ते समोरच्या पडद्यावर टक्क्यांत उमटतं. पडद्यावर एक हिरवा माणूसही होता. आपण जोर लावला की तो बागेतल्या रस्त्याने झपझप चालायचा. आपण यंत्राच्या उलट ओढलं की तो बाकड्यावर बसायचा.

यंत्राला तिथले सगळे पेशंट ‘जावई’ म्हणत. त्याच्या दिमतीला सतत दोन माणसं उभी असत, त्याचा मूड सांभाळावा लागे, आणि काही बिनसलं तर दोष नेहमी मुलीकडच्यांचा, म्हणजे पेशंटचा.

पहिल्या दिवशी थेरपिस्टने मास्तरांच्या पायांची मापं घ्यायला टेप काढला. ही चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, नोकरीला लागून तीन आठवडे झालेले, स्वभावाने कामसू आणि बोलायला गोड. पण टेप तिने असा धरला, की मास्तरांना बघवेना. मधे झोळ पडलेला, टोक दोन बोटांत लोंबतंय, आणि आकडा बघताना मान तिरकी.

“पोरी,” मास्तर म्हणाले, “टेप आहे तो. मेलेला साप नाही.”

ती हसली. मास्तरांनी हात पुढे केला. तिने टेप दिला. इथेच चुकलं, पण त्या वेळी सगळ्यांनाच ते फार गोड वाटलं. व्हीलचेअरमध्ये बसलेल्या, चार महिन्यांत कशातच मन न रमलेल्या माणसाच्या डोळ्यांत एकदम तेज आलं. त्यांनी खुब्याच्या हाडावर स्वतः टोक दाबलं, गुडघ्याच्या सांध्यापर्यंत टेप ताणला आणि खड्या आवाजात सांगितलं, “साडेसतरा.” मग बायकोला घोट्याशी टोक धरायला लावून, गुडघ्यापासून खाली: “सतरा.” थेरपिस्टने आकडे लिहून घेतले, फोनवर त्यांचे सेंटिमीटर केले आणि यंत्रात भरले. मदतनीसाने यंत्राचे पाय त्या मापावर सरकवून खिट्ट्या लावल्या. मास्तरांची बायको पदराने डोळे टिपत म्हणाली, की कित्येक दिवसांनी यांचा आवाज ऐकला.

त्यानंतर जे सुरू झालं, त्याला हॉस्पिटलच्या भाषेत ‘विरोध’ म्हणत.

प्रत्येक सत्राच्या शेवटी यंत्र एक कागद काढी. मास्तरांच्या कागदावर पहिल्या दिवशी लिहून आलं, रुग्णाचा स्वतःचा सहभाग सहा टक्के, विरोध जास्त. दुसऱ्या दिवशी सात टक्के, विरोध जास्त. पाचव्या दिवशी पुन्हा सहा. हिरवा माणूस बाकड्यावरून उठायचंच नाव घेईना. त्याला बघून वाटे, की त्याने ती बाग विकत घेतली असावी.

ज्या माणसाने जन्मात मालकाला, बायकोला किंवा रांगेत घुसणाऱ्याला विरोध केला नव्हता, त्याच्या फाइलवर लाल शाईत ‘विरोध जास्त’ लागला. मास्तरांना कळेना की आपण कशाला विरोध करतोय. ते तर दात-ओठ खाऊन पाय पुढे ढकलत होते. पाय पुढे जायचा, आणि नेमका वाकायच्या वेळी कुठेतरी अडायचा, जसं दुसऱ्याच्या चपलेत चालावं.

हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे वीस सत्रं झाली की फेरविचार होई. शेवटच्या तीन सत्रांची सरासरी तीस टक्के आली तर आणखी वीस सत्रं मिळत. नाही आली तर नमस्कार. यादीतल्या पुढच्याला बोलावत. यादी मोठी होती. यंत्र एकच. मास्तरांना कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळत होतं, की या यंत्रावर पाय जागे झाले तर झाले. इथून परत पाठवलं तर पुढचं आयुष्य चाकांवर. दुकानातलं कापायचं टेबल उभ्याने काम करायचं होतं. बसून कापड कापता येत नाही. ते करून बघितलं होतं, घरी, जेवणाच्या टेबलावर. बायकोने ते फुकट गेलेलं कापड फडकं म्हणून पुसायला घेतलं.

बाहेरच्या बाकांवर टक्क्यांची चर्चा दहावीच्या निकालासारखी चाले. मास्तरांच्या आधीच्या सत्राला एक बसड्रायव्हर होता. गाडीच्या टपावर चढून सामान बांधताना पडलेला. तो बाहेर आला की व्हीलचेअरवरूनच जाहीर करी, “बेचाळीस!” आणि लोक अभिनंदन करत. मग तो मास्तरांना विचारी, “तुमचं काय मास्तर?” मास्तर सांगत, “नऊ.” ड्रायव्हर म्हणे, की नवातूनच नव्वद होतात. असं गणित बसखात्यात चालत असावं.

मास्तरांच्या अपयशावर सिद्धान्त मात्र भरपूर होते. मोठे डॉक्टर म्हणाले, ही भीती आहे. समुपदेशक म्हणून एक शांत आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं की रुग्णाने यंत्राचा मनापासून स्वीकार केलेला नाही. त्यांनी मास्तरांची चार सत्रं घेतली. त्यात मास्तरांना डोळे मिटून यंत्राला मित्र समजायला सांगण्यात आलं. मास्तरांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. दहा टक्के आले.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गाडीने त्यांना ने-आण करायचा आणि त्या बदल्यात आख्खा रस्ता बोलायचा. फोनवर व्हिडिओ बघून त्याने या विषयात बरंच ज्ञान मिळवलं होतं. त्याच्या मते ‘भाऊजींचा प्रॉब्लेम’ डोक्यात होता. “तुमच्या मनात नको म्हणणारा एक माणूस बसलाय भाऊजी,” तो सिग्नलला थांबून मागे वळून सांगी, “त्याला आधी उतरवा.” मास्तर खिडकीबाहेर बघत. गाडीतून कुणाला उतरवायचं, याबद्दल त्यांचं स्वतःचं मत होतं, पण घरी पोचायचं होतं.

बायको कुठलाच सिद्धान्त मांडत नसे. ती फक्त रोज आंघोळीच्या वेळी मास्तरांच्या पायावरचा एक लाल वळ बघे. दोन्ही पायांना, गुडघ्याच्या किंचित खाली, जिथे यंत्राचा पट्टा येई तिथेच. मास्तरांना तो टोचत नव्हता, कारण त्या भागाला अजून पुरतं कळत नव्हतं. तिने थेरपिस्टला दाखवला. थेरपिस्टने काळजीने बघितलं, मग दर सत्राला तपासलं आणि पट्ट्याखाली मऊ गादी लावली. वळ थोडा फिका झाला, पण जागा सोडीना.

सतरावं सत्र शुक्रवारी झालं. अकरा टक्के. थेरपिस्टने कागद फाइलला लावला. उरली तीन सत्रं, आणि फेरविचार त्याच तिन्हींच्या सरासरीवर. त्या दिवशी परतीच्या रस्त्यावर मेहुणासुद्धा बोलला नाही, तेव्हा मास्तरांना परिस्थिती किती वाईट आहे ते समजलं.

रविवारी दुपारी बायकोने जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं. सत्राला घालायला सैल पँट हवी होती. जुनीच्या शिवणी पट्ट्याखाली येऊन दुमडत. तिने आयुष्यभर दुकानाची काजं, बटणं आणि हातशिलाई घरी आणून केली होती. कापायला मात्र मास्तरच लागत. आता मास्तर खाटेवरून आकडे सांगणार आणि ती खडूने रेघा मारणार, असं ठरलं.

“गुडघ्यापर्यंत साडेसतरा,” मास्तरांनी सांगितलं.

बायकोने खडू टेकवला आणि उचलला. “मायेसकट की मायेशिवाय?”

शिवणीसाठी कापड जादा सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. ती सोडली नाही तर कपडा अंगाला बसत नाही, फक्त बसल्यावर फाटतो. मास्तरांची उमेदवारी संपत आली होती तेव्हा एकदा त्यांनी माया विसरून एका वकिलाची पँट कापली होती. ती वकिलाने भर कोर्टात वाकून बघितली. त्यानंतर मास्तरांनी मनाशी असा नेम केला, की आकडा ओठांवर यायच्या आतच त्यात एक इंच मिळवायचा. लिहून घेणाऱ्याला सांगायचा तो थेट कापायचाच आकडा. हे इतकं अंगात मुरलं, की एकतीस वर्षांत त्यांच्या तोंडून कुणी नागडा आकडा ऐकला नव्हता.

“मायेसकटच,” ते म्हणाले. “मी कधी मायेशिवाय सांगितलंय का?”



बायकोने रेघ मारली. दुसरी मारायला गेली, तर खाटेकडून काहीच येईना. तिने वळून बघितलं. मास्तर छताकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा गिऱ्हाईक ट्रायलला येऊन दुसऱ्याच माणसाचा कोट घालून उभा राहिल्यावर होतो.

“अगं,” ते म्हणाले, “त्या पोरीने हे विचारलं होतं का?”

“कोणत्या?”

“हॉस्पिटलमधल्या. मायेसकट की मायेशिवाय.”

“तिला काय माहीत माया न् बिया,” बायको म्हणाली. मग तिच्याही लक्षात आलं. खडू ठेवून ती टेप घेऊन खाटेशी आली आणि तिने तो मास्तरांच्या खुब्यापासून गुडघ्यापर्यंत लावला. साडेसोळा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोळा. मग पट्टा जिथे येतो तो लाल वळ तिने बोटाने मोजला. गुडघ्याच्या सांध्यापासून तो बरोबर एक इंच खाली होता. जिथे मास्तरांच्या शब्दावर विसंबून यंत्राने त्यांचा गुडघा आहे असं मानलं होतं.

सहा आठवडे ते यंत्र मास्तरांना नाही, तर त्यांच्यापेक्षा दोन इंच उंच अशा एका काल्पनिक माणसाला चालवत होतं. यंत्राचा गुडघा वाके तेव्हा मास्तरांचा वाकत नसे, मास्तरांचा वाके तेव्हा यंत्राचा. आणि ही ओढाताण यंत्र इमानेइतबारे ‘विरोध’ म्हणून छापत होतं.

मास्तरांना आधी हसू आलं. मग घाम. मणका मोडला त्याची त्यांना इतकी लाज वाटली नव्हती. मणका कुणाचाही मोडू शकतो. पण चुकीचं माप, आणि तेही स्वतःचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे पाय दाखवून.

संध्याकाळी मेहुणा आला. त्याला सांगावं लागलं, कारण बायकोच्या पोटात भावापासून काही राहत नसे. त्याने क्षणात बाजू बदलली. मनातल्या माणसाचं काय झालं, ते त्याने सांगितलं नाही. आता सगळा दोष हॉस्पिटलचा होता. मापं घेणं त्यांचं काम. पेशंटने टेप मागितला तर द्यायचा का? उद्या पेशंटने सुरी मागितली तर देणार का? त्याचं म्हणणं असं, की आपण माया वगैरे काढायचीच नाही. सरळ लेखी तक्रार करायची, त्या मुलीचं नाव घालायचं, आणि वीसची चाळीस सत्रं करून घ्यायची.

“तिने माप घेतलं नाही,” मास्तर म्हणाले, “कारण मी घेऊ दिलं नाही.”

“भाऊजी, तुम्ही फार साधे आहात.”

“साधा नाही. मी कटर आहे. कापड चुकलं तर ते कटरच्या नावावर जातं.”

मेहुणा उठला, पाणी प्यायला, आणि निघताना बहिणीला दारात म्हणाला, की ताई, यांचा मणका मोडलाय पण ताठा नाही. ते मास्तरांना ऐकू गेलं, आणि त्यांना ते का कोण जाणे, आवडलं.

सोमवारी ते सत्राच्या आधी वीस मिनिटं पोचले. थेरपिस्टला त्यांनी बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. वकील, पँट, माया, इंच. तिने शेवटपर्यंत ऐकलं. ती मटकन शेजारच्या स्टुलावर बसली. मास्तर जरा दचकले. स्टुलांवर त्यांचा आता विश्वास नव्हता.

“काका, चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मापं मीच घ्यायची असतात. तुम्ही इतके खूश दिसलात, मला हातातून परत मागवेना.”

“तुझी चूक टेप धरण्यातली,” मास्तर म्हणाले. “बाकीची माझी. आता घे माप.”

ते दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले, म्हणजे हातांना मोह नको. तिने टेप लावला. मधे पुन्हा झोळ पडला. मास्तरांच्या कपाळावरची शीर उडली, पण हात त्यांनी बाहेर काढले नाहीत. मग तिने स्वतःहूनच टेप ताणला. साडेसोळा. सोळा. तिने दोनदा मोजलं आणि मदतनीसाकडून तिसऱ्यांदा मोजून घेतलं. यंत्राचे पाय आत सरकले, खिट्ट्या बसल्या. पट्ट्याखालची गादी तिने काढून टाकली.

पट्टा सुरू झाला.

पहिलंच पाऊल वेगळं पडलं. मास्तरांना ते पायापेक्षा कमरेत जास्त कळलं. जिथे त्यांचा गुडघा होता तिथेच यंत्राचा गुडघा होता. कुठे अडलं नाही, कुठे घासलं नाही. ट्रायलच्या वेळी कोट खांद्यावर नीट बसला की गिऱ्हाईक आरशात न बघता नुसता खांदा सैल सोडतो, तसा त्यांनी श्वास सोडला. चार पावलांनी हिरवा माणूस बाकड्यावरून उठला. आठव्या पावलाला त्याने चालायला सुरुवात केली. बाहेरच्या बाकावरून बायको दाराच्या काचेतून बघत होती. तिने तोंडाला पदर लावला. जीव भांड्यात पडतो म्हणतात, तसा तिचा पडला, आणि आवाज न होता.

अठ्ठावीस टक्के. विरोध: नाही.

थेरपिस्टने कागद दोनदा वाचला. आनंदाची बातमी काचेबाहेर गेली तेव्हा ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या आणि लगेच बोटांवर गणित मांडलं.

पण घोडं एकोणिसाव्या सत्राला पेंड खायला थांबलं. मास्तरांनी ठरवलं होतं, की आज तीस ओलांडायचेच. ते आकड्याकडे बघत बघत ढकलू लागले. आकडा वर जाई, मास्तर आणखी ढकलत, आणि यंत्राच्या तालाच्या पुढे निघून जात. मग यंत्र मागे ओढी. शेवटी कागद आला: सत्तावीस.

“अठ्ठावीस आणि सत्तावीस,” ड्रायव्हर बाहेर म्हणाला. “म्हणजे शेवटच्याला पस्तीस पाहिजेत मास्तर. चौतीस आले तर राहिलात.”

“मला येतं गणित,” मास्तर म्हणाले.

“तसं नाही, मोठ्याने सांगितलं की बरं असतं.”

थेरपिस्टने निघताना एवढंच सांगितलं, की काका, जोर कमी पडत नाहीये, घाई होतेय. यंत्राबरोबर चला, यंत्राच्या पुढे नको. मास्तर त्या रात्री नीट झोपले, हे विशेष. चूक सापडलेली असली की झोप येते. न सापडलेली चूकच माणसाला जागं ठेवते.

शुक्रवारी विसावं सत्र. मास्तरांना कंबरपट्ट्यात उचललं, पाय बांधले, पट्टा सुरू झाला. मास्तरांनी पडद्याकडे न बघता समोरच्या भिंतीवरच्या वीजबटणांच्या फळीकडे बघायला सुरुवात केली. ती फळी किंचित तिरकी बसवलेली होती, त्यामुळे डोळ्यांना काम मिळालं. आणि पायांखाली तो ठेका लागला, टाच, चवडा, टाच, चवडा, आणि मास्तरांना एकदम उमेदवारीच्या काळातलं शिलाईचं पायमशीन आठवलं.

कात्री हातात मिळायच्या आधी चार वर्षं त्यांनी ते पायमशीन मारलं होतं. नवा उमेदवार त्यावर बसला की जोर लावतो. जोर लावला की चाक उलट फिरतं आणि दोरा तुटतो. त्यांच्या वस्तादाने त्यांना पहिले पंधरा दिवस दोऱ्याशिवाय नुसतं पायाखालचं पायटं हलवायला लावलं होतं. चाक आपल्या पायाला घेऊन खाली जातं, तेव्हा जाऊ द्यायचं. वर यायला लागलं की जरासं, अगदी रुमाल घडी घालण्याइतकं, सोबत करायचं. एवढंच. बाकी चाक करतं.

मास्तरांनी तेवढंच केलं. यंत्र पाय पुढे नेई, ते सोबत करत. डाव्या पायाला अजून कमी कळायचं, त्याला ते मनातल्या मनात ‘हळू रे’ म्हणत. अर्ध्या तासात त्यांनी एकदाही पडद्याकडे बघितलं नाही. मदतनीस दोनदा घसा खाकरला, पण थेरपिस्टने त्याला डोळ्यांनी गप्प बसवलं. पट्टा थांबला तेव्हा मास्तरांच्या शर्टाची पाठ भिजून चिकटली होती.

“सांग आता,” मास्तर म्हणाले. “मायेशिवाय सांग.”

“छत्तीस,” ती म्हणाली.

सरासरी तीस आणि थोडे दशांश. ड्रायव्हरने बाहेर ती तीन वेळा काढली आणि तिन्ही वेळा तीच आली, तेव्हा तो म्हणाला की मास्तर, इतकं काठावर आमच्या डेपोत कुणी पास झालेलं नाही. बायकोने त्याला डब्यातली बिस्किटं दिली. मेहुण्याने, आपण म्हणालोच होतो, असं सांगितलं. काय म्हणालो होतो, ते कुणी विचारलं नाही. त्या घटकेला सगळ्यांना सगळं माफ होतं.

फेरविचार त्याच दुपारी झाला. मोठे डॉक्टर, समुपदेशक, थेरपिस्ट, आणि व्हीलचेअरमध्ये मास्तर. बायको मागे उभी. डॉक्टरांनी आधी यंत्राबाहेरचं बघायचं म्हणून मास्तरांना वॉकर दिला. दोघांनी दोन्हीकडून धरलं. मास्तर उठले. एक पाऊल, दुसरं, तिसरं. चौथं पडेपर्यंत डावा गुडघा कापायला लागला आणि खुर्ची खाली सरकवावी लागली. चार पावलं. सहा आठवड्यांपूर्वी एकही पडत नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि फाइल उघडली.

त्यांनी आलेखाकडे बराच वेळ बघितलं. सतरा सत्रं जमिनीलगत सरपटणारी रेघ, आणि मग एकदम वर उडालेली. ते समुपदेशकांकडे वळून म्हणाले, की तुमच्या सत्रांचं हे यश म्हणायला हवं. समुपदेशकांनी नम्रपणे डोळे मिटले. मास्तरांनी तोंड उघडलं. त्यांना स्वतःच्या चुकीचं श्रेय दुसऱ्याला जाताना बघवेना. पण त्यांच्या आधी थेरपिस्ट बोलली.

“सर, मापं चुकली होती. मांडीचं आणि पायाचं. मी स्वतः घेतली नव्हती.”

“किती चुकली होती?”

“एकेक इंच.”

“ती मी सांगितली होती,” मास्तर म्हणाले. “सवयीने एक इंच जादा सांगतो. धंद्यातली सवय.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “म्हणजे,” ते म्हणाले, “एका इंचासाठी आपण या माणसाला चार सत्रं यंत्राशी मैत्री करायला लावली?”

“मैत्री वाया जात नाही,” समुपदेशक म्हणाले.

मास्तरांना ते पटलं, आणि त्यांनी तसं सांगितलं. डॉक्टर पहिल्यांदा हसले. थेरपिस्टला म्हणाले, की पुढच्या वेळी टेप कुणाला द्यायचा नाही, अगदी मलासुद्धा. आणि एवढंच म्हणून त्यांनी विषय संपवला. तिने इतक्या जोरात मान हलवली, की तिच्या केसांची पिन पडली. मग त्यांनी फाइलच्या शेवटच्या पानावर सही केली. आणखी वीस सत्रं मंजूर. पुढे काय होईल ते सांगता येणार नाही, कदाचित वॉकरवर घरातल्या घरात, कदाचित काठीवर दुकानापर्यंत. पण पायांनी उत्तर द्यायला सुरुवात केली आहे, असं त्यांनी बायकोकडे बघून सांगितलं.

बायकोने व्हीलचेअरच्या दांड्यावरचा हात उचलून मास्तरांच्या खांद्यावर ठेवला, चारचौघांत, लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मास्तर ताठ बसून राहिले. हललं तर हात जाईल, अशी त्यांना भीती होती. लिफ्ट येईपर्यंत हात तिथेच राहिला, तेव्हा त्यांनी खांदा सैल सोडला.

गाडीत बसेपर्यंत त्यांचे डोळे मिटायला लागले होते. मेहुणा पुढच्या वीस सत्रांसाठी काय खावं, काय प्यावं, यावर बोलत होता. मास्तरांना त्यातला शब्दही ऐकू आला नाही. तोंड उघडं टाकून ते घरापर्यंत झोपले.

पुढचं सत्र सोमवारी साडेदहाला होतं. सोमवारी यंत्र वार्षिक तपासणीसाठी बंद निघालं, म्हणून ते गुरुवारी झालं.